उसना बाप

पोहातू बर्मनला कुणी देश विचारला की तो पायाखालच्या मातीकडे बोट करायचा. "हा बांगलादेश. आणि ते समोर शेवग्याचं झाड दिसतंय ना, तो भारत." विचारणारा हसायचा. पोहातू मात्र हसत नसे, कारण ते अगदी खरं होतं.

दिनहाटा शहराच्या अलीकडे चारी बाजूंनी भारताची गावं आणि मधे साठ-सत्तर घरांचं हे कुर्शाबाडीचं छिट, म्हणजे जमिनीचा सुटा तुकडा, कागदावर दुसऱ्या देशाचं. राजेरजवाड्यांच्या वेळची वाटणी तशीच राहून गेलेली. असले तुकडे एकमेकांना देऊन टाकू, असा करार दोन्ही देशांनी चौऱ्याहत्तर साली केला. पोहातू तेव्हा बारा वर्षांचा. करार म्हणजे काय, हे त्याला बापानं सांगितलं होतं, "सोयरीक ठरलीय रे. मुहूर्त तेवढा निघायचाय."

त्या मुहूर्ताला एकेचाळीस वर्षं लागली. दोन देश थांबू शकतात, त्यांना वय नसतं. माणसाला थांबता येत नाही. छिटात शाळा नव्हती, दवाखाना नव्हता, चोर शिरला तर पोलीस नव्हता. म्हणून मीठ-तेल उसनं घ्यावं तशी लोक शेजारच्या गावातून नावं उसनी घ्यायचे.

पोहातूच्या बायकोला, तिलेश्वरीला, लग्नानंतर दहा वर्षांनी दिवस गेले. बिषहरी देवीला केलेला नवस फळला. पण दिनहाट्याच्या दवाखान्यात छिटच्या बाईला खाट मिळत नसे. कळा सुरू झाल्या तेव्हा शेवग्यापलीकडचा हरकांत राय येऊन पोहातूला म्हणाला, "वहिनीला माझी बायको म्हणून लिही. नाव दिल्यानं नाव झिजतं का?"

"आणि तुमची खरी बायको लाटणं घेऊन आली म्हणजे?" तिलेश्वरी कळा सोसता सोसता म्हणाली.

"तिनंच पाठवलंय मला. म्हणाली, या नवऱ्याचं मला काही सुख नाही, अर्धा गेला तर बरंच."

मुलगी झाली. बिनोती. जन्माच्या चिठ्ठीवर बाप म्हणून हरकांत राय. पोहातू खाटेपाशी उभा होता, तर आया म्हणाली, "तुम्ही कोण? मामा का?" तो म्हणाला, "शेजारी."

त्या चिठ्ठीवरच ती पुढं शाळेत गेली. घरी हरकांतला ती जेठा म्हणायची, म्हणजे थोरला काका, आणि शाळेत बाबा. पहिलीत असताना गुरुजींपुढं चुकून पोहातूचं नाव घेतलं. गुरुजी भला माणूस, त्यांनी ऐकलं न ऐकलं केलं. पण पोहातू घाबरला. त्या संध्याकाळी त्यानं पोरीला समोर बसवलं.

"बापाचं नाव?"

"पोहातू बर्—"

जन्मात एकदाच त्यानं तिच्यावर हात उचलला, तो तेव्हा. मग रोज दिवेलागणीला देवापुढं हात जोडून झाले की हाच पाठ. बापाचं नाव? हरकांत राय. बापाचं नाव? हरकांत राय. तिलेश्वरी चुलीपासून म्हणायची, "देवासमोर तरी नको हो." तो म्हणायचा, "देवाला ठाऊक आहे. मास्तरला ठाऊक व्हायला नको."

दोन हजार अकरा साली दोन्ही देशांचे मोजणीदार एकत्रच छिटात आले. घरात माणसं किती? बिनोती तेव्हा अकरावीत. पोहातूनं विचार केला, पोरीचं नाव यांच्या वहीत गेलं तर तिचे शाळेतले कागद खोटे ठरतील, शिकणं तुटेल. तो म्हणाला, "दोन. मी आणि बायको."

मोजणीदारांच्या मागून चालणारे मोबारकचाचा, छिटच्या समितीतले, त्याच्या कानाशी कुजबुजले, "पोहातू, पुढं करारात हीच मोजणी धरतील. पोरीला लिही."

"चाचा, हा करार माझा बाप मरेपर्यंत होतोय होतोय म्हणत होते. पोरीची परीक्षा मार्चमध्ये आहे."

आणि पंधरा साली करार खरंच लागू झाला. छिट भारतात आलं, झेंडा चढला, लाडू वाटले. नियम असा निघाला की अकराच्या मोजणीत ज्याचं नाव, तोच छिटचा माणूस. शिवाय त्यानंतर त्याला झालेलं मूल. आधी झालेल्या आणि लपवलेल्या मुलाबद्दल कुणी काही लिहिलं नव्हतं. मोठमोठ्या लोकांनी बसून कलमं केली होती, जमिनीचा इंच न् इंच धरला होता. बाप आपलं मूल स्वतःच्या तोंडानं नाकारेल, हे त्यांच्या तरी मनात कुठून येणार?

तिलेश्वरी त्याच हिवाळ्यात गेली. बिनोती अंगणवाडीत लागली. पुढं अठरा साली छिटच्या जमिनी लोकांच्या नावावर करायला शाळेत शिबिर लागलं, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना मदत करायला अंगणवाडीच्या बायकांना बसवलं. आदल्या दिवशी बिनोती म्हणाली, "बाबा, उद्या मी खरं सांगणार. पोहातू बर्मनची मुलगी म्हणून लिहा म्हणणार."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. शिवण शिवेन."

पोहातूनं नाही म्हटलं नाही. मनातून त्याला तेच हवं होतं. सकाळी धुतलेला सदरा घालून तो रांगेत उभा राहिला.

त्याची पाळी आली. साहेब तरुण, घाईतला. "अंगठा लागेल. साक्षीदार कोण? तुम्ही या हो, बाई. तुमचं नाव?"

"बिनोती."

"बापाचं नाव?"

"हरकांत राय," बिनोती म्हणाली.

विचार न करता म्हणाली. म्हणून झाल्यावर तिचा हात तोंडावर गेला. साहेबानं तोवर लिहून टाकलं होतं. ती काही बोलणार, एवढ्यात पोहातूनं तिच्याकडे पाहिलं आणि नको म्हणून मान हलवली. आता तिनं शब्द फिरवला तर भर शिबिरात खोटी ठरणार होती, आणि तिच्याबरोबर चोवीस वर्षं नाव देणारा हरकांतही.

"मुलंबाळं?" साहेबानं पोहातूला विचारलं.

पोहातू सदऱ्याचं टोक सरळ करत राहिला. मागचा माणूस खाकरला.

"काका, ऐकू येत नाही का? मूल आहे का?"

"नाही," पोहातू म्हणाला.

साहेबानं रकान्यात रेघ मारली आणि शाईची डबी सरकवली. पोहातूनं डबीकडे पाहिलं, पण अंगठा पुढं केला नाही. बिनोतीनं तो आपल्या हातात धरला, शाईत बुडवला आणि दाबून उमटवला. मग या माणसाला मूलबाळ नाही, हे आपल्याला ठाऊक असल्याची साक्ष म्हणून खाली तिनं सही केली.