म्हाताऱ्याला केलेला आग्रह

जुना मराठी फॉन्ट मी सोडणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. गोंदियात लग्नपत्रिका आणि झाडीपट्टीची नाटकं टाइप करण्यात माझी पंचवीस वर्षं गेली, ती सगळी त्याच फॉन्टात. नव्या संगणकात ती फाईल उघडली की जोडाक्षरं खलबत्त्यात कुटल्यासारखी निघतात. म्हणून मी संगणकाच्या पोटात दुसरा एक जुनाट, खोटा संगणक पाळलाय. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. बायको त्याला 'म्हातारा' म्हणते.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी नाटकांची जत्रा भरते, ती मंडई; तिच्या तोंडावर मी नवा मदरबोर्ड आणि सोळा जीबी रॅम बसवली, आणि म्हातारा पडला. सुरू व्हायचा, पडदा निळा करायचा आणि मरायचा. त्याच्या पोटात नवेगाव बांधकडच्या एका गुरुजींचं नाटक. त्यांची मूळ वही वाळवीनं खाल्लेली. शनिवारी तालीम, प्रती हातात देईन, असा शब्द मी छाती ठोकून दिलेला. बॅकअप होता का? होता ना. म्हाताऱ्याच्याच पोटात.

रॅम विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला.

"भैया, इस मुर्दे को कब तक ढोओगे? नया सॉफ्टवेअर डालो."

"मुर्दा नहीं है, चक्कर आ रहा है उसको!" म्हणत मी फोन आपटला. मोबाईलच होता, काच तडकली.

मग दोन दिवस डॉक्टरकी केली. रॅम काढून खोडरबरानं घासली. शेजारच्या राइस मिलचा कोंडा खाचेतून फुंकला, तो माझ्याच डोळ्यात गेला. सेटिंगमधलं जे चालू होतं ते बंद केलं, बंद होतं ते चालू केलं. म्हातारा मरतच राहिला.

शुक्रवारी दुपारी बायको मागे येऊन उभी राहिली.

"काऊन जी, दोन दिवसांपासून त्याले कायले छळून राहिले?"

"मी छळून राहिलो? मी तं त्याची मेमरी वाढवली. अडीचशे एमबीवर जगत होता बिचारा, चार जीबी दिली."

"त्यानं मांगली होती काय?"

लग्नाच्या पंगतीत वाढायला उभा राहिलो की माझा हात आवरत नाही. समोरचा पत्रावळीवर आडवा हात धरतो, मी बोटांच्या फटीतून बुंदी सोडतो. नवी रॅम आल्याच्या आनंदात मी तेच केलं होतं, आणि नंतर विसरलो होतो. इतकी मेमरी त्या काळच्या प्रणालीनं जन्मात पाहिली नव्हती. तिला ती मोजताच येईना.

आकडा परत होता तिथं आणला. म्हातारा उठला, नाटकासकट.

शनिवारी गुरुजींनी बोटाला थुंकी लावून प्रत चाळली, आणि तिसऱ्या पानावर थांबले.

"हे चूक मांगच्या खेपेलाही होती. नायिकेच्या मायचा संवाद तुमी बापाच्या तोंडी घातला."

"मंग बापच बोलंल," मी म्हटलं.

गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, पेन मागितलं आणि पहिल्या प्रतीपासून दुरुस्ती सुरू केली. बाकीच्या प्रती त्यांनी माझ्यापुढे सरकवल्या. मी केल्या दुरुस्त, तिथंच मांडी घालून. फॉन्ट मात्र बदलणार नाही.