दोन कपाटांचं वाचनालय

डोंबिवलीतल्या आमच्या वाचनालयात दोन कपाटं होती. एकात कादंबऱ्या, चरित्रं आणि जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे. दुसऱ्यात बेडपॅन, बर्फाची पिशवी, कुबड्या आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या कमरेखाली ठेवायचं, तोंडाने फुंकून फुगवायचं रबरी कडं. नोकरीपायी इथे येऊन राहिलेल्या आमच्यासारख्यांच्या दोन खोल्यांत असल्या वस्तू कोण घेऊन ठेवणार? मग वर्गणीदारांपैकी कोणी एक आणून दिली, कोणाकडचा आजारी बरा झाल्यावर दुसरी आली, आणि ते कपाट आपसूक भरलं. कादंबरी बदलायला आलेला माणूस जाताना बेडपॅनही न्यायचा, वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि वाटेत कोणी विचारलं तर खुशाल चरित्र आहे म्हणून सांगायचा.

माझे वडील या वाचनालयाचे चिटणीस. रेल्वेच्या हिशेब खात्यात ते कारकून होते. तिथे प्रत्येक खर्चाला एक हेड, म्हणजे हिशेबातलं ठरलेलं सदर, आणि एखादी रक्कम चुकीच्या हेडखाली गेली की त्यांना जेवण गोड लागत नसे. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत सार्वजनिक संस्थांच्या नोंदणीचा कायदा आला. संस्था कशासाठी आहे ते सांगायचं होतं: धर्म, शिक्षण, औषधोपचार की गरिबांना मदत. वडिलांनी अख्खा रविवार डोकं धरून काढला. वाचनालय म्हणजे शिक्षण, असं शेवटी त्यांनी ठरवलं. तेव्हा दुसरं कपाट आपल्याला ठेवता येणार नाही. त्यातल्या वस्तू कल्याणच्या एका इस्पितळाला देऊन टाकायच्या. कमिटीने माना डोलावल्या. कायद्याचं नाव काढलं की आमच्याकडची शिकलेली माणसं भलतीच आज्ञाधारक होतात.

आता अडचण अशी, की ते रबरी कडं तेव्हा आमच्याच घरी होतं, आईखाली. तिच्या मणक्याला क्षय झाला होता आणि कित्येक महिने ती पडून होती. पाठीला जखम होऊ देऊ नका, झाली तर आवरायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मुंबईहून नवं कडं आणणं औषधांच्या खर्चात आम्हाला झेपणारं नव्हतं. वडिलांना हे सगळं ठाऊक होतं. तरी ते म्हणाले, वस्तू परत मागवायच्या तर चिटणिसाच्या घरातली आधी जायला हवी.

माझं डोकंच फिरलं. वडिलांसमोर आवाज चढवायची आमच्या घरात पद्धत नव्हती, पण मी चढवला. म्हटलं, तुमच्या त्या हेडपायी घरातलं माणूस गेलं तरी चालेल का? शब्द तोंडातून गेला आणि मग आठवलं, आई जागी आहे. वडिलांनी खुंटीवरची टोपी काढली, डोक्यावर घातली, पुन्हा खुंटीला अडकवली.

आईच्या छातीवर वाचनालयाची कादंबरी उपडी पडलेली. तिने ती उचलून दाखवली.

"अहो, हे कुठल्या हेडखाली येतं?"

"शिक्षण," वडील म्हणाले.

"आणि मी ते कशावर पडून वाचतेय?"

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून वडील ठाण्याच्या नोंदणी कचेरीत गेले. मलाही बरोबर नेलं. मी घरी पुन्हा तोंड सोडीन, अशी त्यांना भीती असावी. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, नोंदणीसाठी संस्थेने काम सोडावं असं कायद्यात कुठे लिहिलंय? करता ते सगळं लिहा. एकात मावत नसेल तर खाली 'इतर लोकोपयोगी कामे' आहेच की. मला तर हसूच आलं. वडील मात्र हिरमुसले. 'इतर' म्हणजे आळशी कारकुनाची अडगळ, असं ते आम्हाला लहानपणापासून सांगत आलेले, आणि त्यांचं लाडकं वाचनालय नेमकं तिथेच जाऊन पडलं. त्या संध्याकाळी कड्यातली हवा कमी झाली तेव्हा मला बाजूला सारून त्यांनी स्वतःच ते फुंकलं.

आई पुढच्या उन्हाळ्यात गेली. पाठीला जखम झाली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. मी रडत होते, आणि वडील कडं साबणाने धुऊन, सावलीत वाळवून, त्याला पावडर लावत बसले होते. मला त्यांचा रागच आला. आईचे दिवस व्हायच्या आतच कोपर गावातला एक आगरी दादा दारात आला. त्याची म्हातारी अंथरुणाला खिळली होती. सुतकाचं घर बघून बिचारा तसाच मागे फिरला, तेव्हा वडिलांनी त्याला हाक मारून बोलावलं, कडं हातात दिलं आणि किती फुगवायचं ते दाखवलं. माझा राग तिथेच ओसरला.

वर्षश्राद्धानंतर त्यांनी आईच्या नावाने वाचनालयाला देणगी दिली. खजिनदारांनी विचारलं, कुठल्या कपाटासाठी? पुस्तकं की वस्तू? पावतीवर तसं लिहावं लागेल.

"इतर लिहा," वडील म्हणाले. "ती दोन्हीकडची सभासद होती."