नाहीची वही

माझी मावशी कॉलेजच्या लायब्ररीत काउंटरवर बसते. बावीस वर्षं झाली. मी त्याच कॉलेजात अकरावीला, त्यामुळे तिची नक्कल माझ्याइतकी कुणालाच जमत नाही. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मान तिरकी, आणि आवाज असा की शेजारी कुणाचं तान्हं बाळ झोपलंय. "नाही गं राणी, हे आपल्याकडे नाही. पण लिहून ठेवते हं."

आणि खरंच लिहून ठेवायची. कुणाला 'नाही' म्हणावं लागलं की निळ्या वहीत एक ओळ. तेच पुन्हा कुणी मागितलं, तर त्या ओळीपुढे एक रेघ. वर्षाअखेरीस जिथे रेघा जास्त, ती मागणी कॉलेजच्या कमिटीपुढे पहिली. कमिटी दरवर्षी तिची एकच गोष्ट मंजूर करायची. पाण्याचा कूलर, खिडकीजवळचे प्लग, सगळं त्या वहीतून आलेलं.

कॅन्टीनमध्ये माझ्या नकलेला टाळ्या पडायच्या. मग आमच्या टोळक्याला अस्सल माल ऐकायची हुक्की आली. एकेकाने जायचं आणि उशी मागायची.

"मावशी, डोकं टेकायला उशी मिळेल?"

"नाही रे राजा. लिहून ठेवते हं."

मी कपाटाआड तोंड दाबून लोटपोट. दोन आठवडे हाच उद्योग.

वर्ष संपताना एका रविवारी मावशी वही घेऊन आमच्या घरी आली.

"अगं, यंदा गंमतच झाली," ती आईला म्हणाली. "मला वाटलं, संध्याकाळी अर्धा तास जास्त उघडं ठेवा, हेच पहिलं येणार. तो बेकरीत काम करणारा मुलगा, सुटला की धावत येतो, तोवर मी कुलूप लावत असते. सतरा रेघा बिचाऱ्याच्या. पण उशीच्या एकेचाळीस!"

"उशी? लायब्ररीत?"

"मलाही आधी तसंच वाटलं. पण थकत असतील गं पोरं. आपण कोण ठरवणार?"

मी हातातलं बिस्कीट बशीत ठेवलं. सांग, आत्ता सांग. "मला अभ्यास आहे," म्हणून मी उठले.

सोमवारी कमिटीच्या मीटिंगमध्ये काय झालं ते मावशीने सांगितलं नाही. ऑफिसच्या शिपायाने कॅन्टीनमध्ये सांगितलं, अगदी साग्रसंगीत. साहेब म्हणाले, "बाई, लायब्ररी चालवता की लॉज?" सगळे हसले. मावशी "दुसरं वेळेचं आहे..." म्हणेपर्यंत "पुढच्या वर्षी बघू" करत वही तिच्याकडे सरकवली गेली. शिपायाने मावशीचा आवाज झकास काढला, माझ्याहून सरस. टोळकं खिदळलं. मला तिथे बसवेना.

संध्याकाळी काउंटरवर गेले. "मावशी, ते उशीचं... गंमत होती. सुरुवात माझी."

तिने वही उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं. "सगळ्या एकेचाळीस?"

"हो."

तिने चष्मा वर सरकवला. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती किल्ल्या शोधू लागली.

तेवढ्यात बेकरीतला मुलगा धापा टाकत आला. "मावशी, अर्धा तास आणखी उघडं राहिलं असतं तर..."

मावशीने पेन उचललं. मग थांबली.

"खरंच हवंय ना रे?"

तो बाहीवरचा मैदा झटकत होता. हात तसाच राहिला. तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"नसेल जमत तर राहू दे, मावशी," तो म्हणाला.