कॅप्टन चष्मा काढून ठेवायचे

कॅप्टन साळवी गेल्याचं मला सिंगापूरच्या सेरंगून रोडवर कळलं, भाजीच्या दुकानात कोथिंबीर निवडताना. आम्ही सुट्टीला मलाक्काला गेलो होतो, आदल्या संध्याकाळी परतलो होतो आणि घरात भाजीचं पान नव्हतं. ओळखीच्या एक बाई जवळ येऊन म्हणाल्या, "फार सज्जन माणूस होता हो." मी विचारलं, "कोण?" "तुमचे कॅप्टन," म्हणताना त्या बाईंचा चेहरा असा उतरला की पुढचं त्यांना सांगावंच लागलं नाही. बिशानला आमचे आणि साळव्यांचे ब्लॉक समोरासमोर. माझ्या स्वयंपाकघरातून साळव्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. मलाक्काच्या हॉटेलचा फोन नंबर मी स्वतः सुमनवहिनींच्या, म्हणजे कॅप्टनच्या बायकोच्या, फ्रिजवर चिकटवून गेले होते. बसने चार तासांचा रस्ता. आणि सगळं उरकून गेलं तरी मला फोन नाही... मला दुःख झालं हे खरंच, पण त्याआधी राग आला. भेटायला गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. हात जोडले, बसले आणि उठले. त्यानंतर कित्येक आठवडे स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाठ करून पोळ्या लाटल्या.

कॅप्टन मूळ मालवणचे. उभी हयात जहाजांवर काढून ते सिंगापूरला स्थिरावले आणि बंदराजवळच्या एका जहाज कंपनीच्या ऑफिसात बसू लागले. मुलगा पराग त्यांच्यामागे जहाजावर लागला. बुटके, तुकतुकीत टकलाचे, आणि माशाचं तिखट जरा कमी पडलं तर भर पंगतीत सांगणारे. मी पुण्याची, त्यामुळे माझ्या आमटीतल्या गुळाचा ते मोजून सूड घ्यायचे. पण माझी लेक मुग्धा त्यांच्यावर भारी खूश. लहानपणी तिने वहिनींची लोणच्याची बरणी फोडली आणि मी तिथल्या तिथे धपाटा घालायला निघाले, तर कॅप्टननी मला हातानेच थांबवलं. हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मुग्धा, बरणी फुटली, ती तुझ्या हातून, असं आई म्हणते. तुझं काय म्हणणं?" आणि गप्प बसले. ते गप्प बसणं फार लांबायचं. मी त्यांना त्यावरून चिडवायची की तुमच्या घरी भांडण करायचं तर डबा घेऊन यावं लागतं. मुग्धाने घरी येऊन तिच्या सिंगापुरी इंग्रजीत मला सांगितलं होतं, "अंकल जस्ट सिट देअर, लाह. सो आय हॅव टू टेल."

चष्म्याचं कारण त्यांनी मला पुढे सांगितलं. जहाजावर खलाशाने काही गुन्हा केला तर तो कॅप्टनने लॉगबुकात लिहायचा, लिहिलेलं त्या माणसाला वाचून दाखवायचं, त्याचं म्हणणं विचारायचं आणि तो जे बोलेल ते खाली लिहायचं. काही बोलला नाही, तर 'काही बोलला नाही' असं लिहायचं. शिक्षा त्यानंतर. कॅप्टन नवे होते तेव्हा इंजिनरूममधल्या एका तेलवाल्यासमोर त्यांनी असंच वाचून दाखवलं, विचारलं, आणि पेन सरसावून वहीकडे बघत बसले. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही वहीत बघताय. मी सांगू कुणाला?" चष्मा वाचायचा होता, त्यातून अक्षर स्वच्छ दिसायचं आणि समोरचा माणूस धूसर. तेव्हापासून विचारायच्या आधी चष्मा उतरायचा, अशी त्यांनी स्वतःला सवय लावून घेतली.

ही सवय एकदा कोर्टापर्यंत गेली. दिनेश मयेकर नावाचा एक फिटर, कॅप्टनच्या गावचा, त्यांच्याच जहाजावर काम केलेला. पुढे दुसऱ्या कंपनीच्या जहाजावरून तो इथे उतरला असताना मारामारी झाली, समोरच्याचा डोळा गेला आणि दिनेशला काही वर्षांची शिक्षा झाली. ती योग्यच होती असं कॅप्टन सरळ म्हणायचे. ते त्याला नेमाने तुरुंगात भेटायला जायचे, काचेपलीकडून फोनवर बोलायचे. इथे कैद्याची वागणूक चांगली असेल तर शिक्षेचा तिसरा हिस्सा माफ होतो, त्याला रेमिशन म्हणतात. त्या हिशेबाने दिनेश लवकरच सुटणार होता. मालवणात त्याची आई अंथरुणाला खिळलेली, आणि ती त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. अशात एके दिवशी त्याला सांगण्यात आलं की कोठडीत तंबाखू सापडली आणि झडतीच्या वेळी पहारेकऱ्याला धक्काबुक्की झाली, म्हणून माफीतले महिने कापले. त्याला बोलवलं नव्हतं, विचारलं नव्हतं. निकाल तेवढा कळवला.

मी पुण्याची एलएल.बी. ती पदवी इथे चालत नाही, म्हणून एका छोट्या वकिली ऑफिसात कागदपत्रांचं काम करते. कॅप्टन तडक तिथेच आले. मी पहिला प्रश्न विचारला, कुणीही विचारला असता तोच. "तंबाखू त्याची होती का?"

"मी विचारलं नाही," कॅप्टन म्हणाले.

"म्हणजे? सगळं त्यावरच तर आहे!"

"नीला, ते मी विचारायचं नाही, तूही नाही. ज्यांनी महिने कापले त्यांनी विचारायला हवं होतं. मला तेवढंच भांडायचं आहे."

माझे साहेब, मिस्टर लिम, शांतपणे ऐकत होते. ते म्हणाले, "कॅप्टन, रेमिशन नॉट अ राइट, लाह. दॅट वन प्रिव्हिलेज. दे गिव्ह, दे टेक बॅक." यावर कॅप्टननी त्यांना लॉगबुकाचा नियम सांगितला. पिऊन तर्र होऊन पहारा सोडून गेलेल्या खलाशाचा एका दिवसाचा पगार कापायचा, तरी त्याला वाचून दाखवावं लागतं. आणि इथे माणसाचे महिने कापताना कुणी तोंड उघडू देत नाही, हे कसं? मिस्टर लिम पेन्सिल खाली ठेवत मला म्हणाले, फाइल उघड.

कोर्टाची पहिली पायरी म्हणजे अशी तक्रार ऐकून घ्यायला परवानगी मागणं. बहुतेक तक्रारी त्या पायरीवरच गडगडतात. त्या दिवशी मी मागच्या बाकावर कॅप्टनशेजारी बसले होते. समोरच्या वकिलांनी तुरुंगाच्या शिस्तीबद्दल बरंच आणि मुद्देसूद सांगितलं. न्यायाधीशांनी एकच विचारलं, या कैद्याचं म्हणणं काय होतं, ते कागदांत कुठे आहे? वकिलांनी कागद पुढे-मागे केले. ते कुठेच नव्हतं. परवानगी मिळाली. मी आनंदाने कॅप्टनचा हात दाबला, तर म्हातारा चष्मा रुमालाने पुसत होता, डोळे नव्हे असं मला दाखवत.

पुढची तारीख यायच्या आत समोरून कळवण्यात आलं की प्रकरण नव्याने ऐकू, दिनेशला दुभाषा देऊ. तक्रार मागे घेतली गेली. मिस्टर लिम जरा हिरमुसले. निकालच नाही, तर पुढच्या कैद्याला दाखवायला हातात काय राहिलं? त्यांचं चूक नव्हतं. मला मात्र पुढचं चित्र स्पष्ट दिसत होतं. कोठडीत तिघे जण, तंबाखू कुणाच्या चटईखाली होती याचा पुरावा पातळ. दिनेशने 'माझी नाही' म्हणायचं आणि आईकडे जायचं.

दिनेशला आत बोलावलं, आरोप हिंदीत वाचून दाखवला, त्याचं म्हणणं विचारलं. तो म्हणाला, तंबाखू माझीच. धक्का मी दिला नाही.

धक्क्यापुरते महिने परत मिळाले. तंबाखूचे गेले ते गेलेच. आणि त्या उरलेल्या महिन्यांत मालवणात त्याची आई गेली.

मी साळव्यांच्या घरी जाऊन कडाकडा भांडले. इतकी धावपळ कशासाठी केली आपण? एक शब्द खोटा बोलला असता तर आईच्या तोंडात पाणी घालायला पोचला असता! कॅप्टन नेहमीसारखे चष्मा काढून, शेवटपर्यंत ऐकत बसले. मग म्हणाले, "मीही त्याला हेच विचारलं. काचेपलीकडे रडत होता... म्हणाला, 'साहेबानू, इतक्या दिवसांत पयल्यांदाच कोणीतरी माका इचारल्यान. मगे खोटा कसा बोलू?'" मला तेव्हा ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. त्या म्हातारीचं काय, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. सुटल्यावर दिनेशला थेट विमानात बसवून पाठवलं. दर गणपतीला तो कॅप्टनना फोन करायचा, आणि नंतर दिवसभर कॅप्टन मालवणीतच बोलायचे.

गेल्या रविवारी मी धीर करून वहिनींकडे गेले. त्या एकट्याच होत्या. टेबलावर कॅप्टनचा तो जाड काळ्या काड्यांचा चष्मा तसाच उघडा ठेवलेला, खुर्चीकडे तोंड करून. वर्तमानपत्राची घडी शेजारी. वहिनी चहा ओतत होत्या आणि मी मनात वाक्यं जुळवत होते, एकाहून एक टोचणारी. त्या चष्म्याकडे लक्ष गेलं आणि वाक्यं विस्कटली. मी माझा चष्मा काढून त्याच्या शेजारी ठेवला. म्हटलं, "वहिनी, मला तुम्ही कळवलं नाहीत. तुमचं काय म्हणणं?" आणि गप्प बसले.

चहावर साय धरली तरी वहिनी बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "फोन हातात घेतला होता. अर्धा नंबर फिरवलाही. पण तू आली असतीस तर गळ्यात पडून रडली असतीस, आणि मग मीही रडले असते. पराग जहाजावरून यायचा होता. तो पोचेपर्यंत त्यांचं सगळं मलाच करायचं होतं, नीला. मला उभं राहायचं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि तुझं काय म्हणणं?"

मी काही बोलले नाही. तसं इथे लिहिते आहे.