डावीकडे वळलेला चिंतामणी

माझ्या मेव्हण्यानं माझ्या आईला फसवलं. तुळजापूरच्या देवळात, चिंतामणीच्या दगडावर हात ठेवून फसवलं. तो शिक्षक होता. आता निवृत्त आहे, गावात मान राखून आहे. हे लिहिलेलं त्याला वाचता येईल, म्हणूनच लिहितो आहे.

निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. पोती वाहता वाहता मी कळंबला धान्याची आडत टाकली होती. बाजारात माझ्या तोंडाला सहसा कुणी लागत नसे. मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, तुळजापूरला मास्तर होता. त्या साली दिवाळीच्या सुट्टीत दक्षिणेची सहल काढायचं त्यानं ठरवलं. सोलापूरहून रेल्वेनं निघायचं, जोगचा धबधबा बघायचा, श्रवणबेळगोळच्या डोंगरावरची मोठी मूर्ती बघायची, पुढं मदुराई, रामेश्वर, आणि येताना तिरुपती. वहीत नकाशा काढून तो आमच्याकडं आला आणि ओसरीवर बसून वाचून दाखवू लागला. आई ज्वारी पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

"मास्तर, त्या जोगाचं पाणी लई उंचावरनं पडतंय म्हणं?"

"लई उंचावरनं, मावशी. एवढं खोल पडतंय, वाकून बघावं लागतं."

"वढायला न्हाय लागत?"

"न्हाय. आपोआप पडतंय."

"मग म्या येणार. जन्म गेला आडाचं पाणी वढण्यात. फुकटचं पडताना एकदा बघू दी की."

सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. आईला धाप लागायची. घरातून परसात जाऊन आली तरी खांबाला धरून उभी राहायची, ओठ निळसर व्हायचे. परमुलखात, भाषा कळत नाही अशा ठिकाणी, हिचा श्वास अडकला तर मी कुणाला हाक मारू? हे तिच्यापुढं बोलायची सोय नव्हती. म्हणून मला येत होतं ते मी केलं. मास्तराशी घासाघीस सुरू केली, आणि ती पैशाची नव्हती, पायऱ्यांची होती.

"श्रवणबेळगोळ काढून टाक."

"दाजी, एवढी मूर्ती बघण्यासारखी..."

"डोंगराखालनं बघ. आणि तिरुपतीला चालत चढायचं न्हाय. मदुराईत एक दिवस कमी कर, रामेश्वरला वाढव. तिथं सपाट हाय."

मास्तर खोडत गेला, मी आणखी खोडायला लावत गेलो. शेवटी जोग आणि तीन देवळं उरली. तरी माझी भीती तसूभर कमी झाली नाही. मग मला राग आला. त्याला अंगणात नेऊन मी म्हणालो, "मास्तर, ह्यो तुझा बेत. आईला वाटंत काय झालं तर तुला उभा जाळीन." त्याचा चेहरा उतरला. माझा राग त्यानं आधी पाहिलेला होता.

आईचा एक नेम होता. मोठं काही ठरवायचं तर चिंतामणीला विचारल्याशिवाय नाही. तुळजापूरच्या देवळात हा गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात अलगद ठेवायचे, मनातल्या मनात प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. दगड उजवीकडं वळला तर हो, डावीकडं वळला तर नाही. प्रश्न तोंडानं बोलायचा नसतो. पुढं जे झालं ते यातूनच झालं.

आम्ही तिघं गेलो. देवळात उतरायच्या पायऱ्या ती सहज उतरली. आपण परत कशी चढणार, याचं तिला भान नव्हतं. मी मात्र उतरतानाच चढण मोजत होतो. चिंतामणीपुढं ती बसली, डोळे मिटले. हात थरथरत होते, म्हणून मास्तर शेजारी बसला आणि आधार म्हणून त्यानं आपले हात तिच्या हातांवर ठेवले. मी मागं उभा होतो. धान्याच्या बाजारात उपरण्याखाली बोटं दाबून सौदा करण्यात माझी उमेदीची वर्षं गेलेली. कोणाच्या मनगटात कधी जोर येतो ते मला कळतं. मास्तराच्या मनगटाची शीर वर आली. दगड डावीकडं वळला.

मी ते पाहिलं आणि गप्प बसलो. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. आता आई येणार नाही, जगेल, एवढंच माझ्या मनात आलं.

आईनं डोळे उघडले आणि दगडाकडं न बघता माझ्याकडं बघितलं. ती नजर मला तेव्हा उमगली नाही. परत चढताना ती चार ठिकाणी बसली. मोटारीत माझ्या सदऱ्याचं टोक तिनं मुठीत धरून ठेवलं होतं, ते कळंब येईपर्यंत सोडलं नाही.

सहल आमच्याशिवाय गेली. इकडं आईचं काहीतरी बिनसलं. मी भूमच्या बाजाराला निघालो की ती दारात आडवी यायची. "आज नको जाऊस." गेलो तर परत येईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहायची, भाकरीला शिवायची नाही. मला वाटलं, सहल हुकल्याचं दुःख आहे. मास्तरानं जोगचं छापील चित्र आणून दिलं. तिनं ते हातात धरून विचारलं, "हितं कुणी पडलंय का रं?" आणि पालथं घालून ठेवलं.

मी म्हणालो, "आई, जोग राहू दे. नळदुर्गाच्या किल्ल्यात पाणी पडतंय, पावसाळ्यात तिकडं जाऊ. बैलगाडीत घालून नेतो."

"मला न्हाय जायाचं. तू बी जायाचं न्हाय."

"एका दगडाचं एवढं काय मनावर घेतीस? सहलीला जाऊ नको म्हणाला, एवढंच न्हवं?"

तिनं माझा सदरा धरून मला खाली बसवलं. मग म्हणाली, "सहलीचं म्या इचारलंच न्हाय, लेकरा. त्ये काय इचारायचं? धाप लागली तर बसून घेन. म्या इचारलं, माजं लेकरू माज्यासंगं येणार, त्ये जितं परत यील का."

माझे वडील रझाकारीच्या दिवसांत भूमच्या बाजाराला गेले होते, ते परत आले नाहीत. तेव्हापासून तिच्या मनात हा एकच प्रश्न होता. त्यावर दगड डावीकडं वळला होता, आणि ते उत्तर तिला त्या सहलीपुरतं नाही, माझ्या प्रत्येक बाहेर जाण्याचं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी तुळजापूर गाठलं आणि मास्तराला शाळेच्या पटांगणात धरलं. दगड तूच वळवलास, म्हटल्यावर त्यानं नाही म्हटलं नाही.

"दाजी, तुमालाच ती यायला नको होती. तुमी उभं जाळायची भाषा केली. मी काय करणार?"

"चल घरी. तिच्या तोंडावर सांग की तूच वळवला."

"चिंतामणीवर खोटं केलं म्हणून सांगू? गावात राहायचं का न्हाय मी? पोरं शिकवतो हितं."

"मग तिनं असंच मरायचं का?"

"तुमीच सांगा की. तुमी तर बघितलंय."

घरी येऊन मीच सांगितलं. आईनं ऐकलं, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "माज्या समाधानासाठी बोलतुयास. मास्तर असं करनार न्हाय." तिच्या लेखी तो शिकलेला माणूस होता. त्यानं सांगितलं असतं तरच तिनं मानलं असतं. मी निरोप धाडले, बायकोला पाठवलं, स्वतः दोनदा गेलो. तो आला नाही.

त्यानंतर आई पुष्कळ वर्षं जगली आणि रोज मी परत येईपर्यंत मेल्यासारखी बसून राहिली. मी प्रत्येक वेळी परत येत होतो, पण तिच्या हिशेबी ते फक्त त्या दिवसापुरतं टळत होतं. तिची भीती माझ्यातही उतरली. मास्तराचं मनगट मी पाहिलं होतं, तरी घाटात मोटारीला गचका बसला की मी पुढच्या बाकाची दांडी घट्ट धरायचो. वाटायचं, दगड थोडासा आपणहूनही वळला असेल काय?

मास्तर, मी गप्प बसलो. माझी चूक मी इथं लिहून मोकळा झालो. तू तेवढंही केलं नाहीस. ती गेली तेव्हा खांदा द्यायला आलास, पण तोंड उघडलं नाहीस. तिनं उंबऱ्यावर काढलेल्या त्या सगळ्या वर्षांचा जाब तुला द्यायचा आहे. आणि मला एवढंच सांग, तो दगड सगळाच्या सगळा तूच वळवलास का? घरात बसून राहू नकोस. ये, आणि चारचौघांत उत्तर दे.