लाल रंग कुठवर

अलीचं जहाज आखातातल्या एका बंदराबाहेर अडकून पडलं त्याला त्रेपन्न दिवस झाले होते, आणि त्याच्या बायकोला, झरीनला, घरात एका जागी बसवत नव्हतं. मालक कंपनी आणि बंदर यांचा कज्जा चालू होता. तो मिटेपर्यंत नांगर उचलायचा नाही आणि कुणी खालीही उतरायचं नाही. आठवड्यातून दोनदा फोन यायचा. बरा आहे, जेवलो, एवढं सांगून अली गप्प व्हायचा. पूर्वी माणूस असा नव्हता. फोन संपला की झरीन राजिवड्यातल्या त्या दोन खोल्यांत येरझाऱ्या घालायची, गॅसवर दूध ठेवून विसरायची. शिवणयंत्रावर बसली तर ब्लाउजची बाही उलटी जोडायची. शेवटी गिऱ्हाइकांची कापडं तिने परत पाठवून दिली.

कपाट आवरताना खोकं हाती लागलं. आत मालवाहू जहाजाचं प्लॅस्टिकचं मॉडेल होतं, सुट्या भागांचं. नोकरी संपली की सावकाश जोडीन म्हणून अलीने ते सिंगापूरहून आणलं होतं. झरीनने ते त्याच दुपारी उघडलं. हातांना काहीतरी हवं होतं, बस.

पहिल्याच फेरीत तिने घाईने नासधूस केली. प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले भाग पिरगाळून तोडले, त्यांच्या कडा पांढऱ्या पडल्या. गोंद ओघळला. तळाला लाल रंग फासला आणि वरच्या काळ्या रंगासाठी चिकटपट्टी लावून काढली, तर तिच्याबरोबर लाल रंग सालीसारखा निघून आला. ते हातात धरून ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

मग तिने मोबाइलवर बघून घेतलं. साच्यातल्या तेलाचा थर प्लॅस्टिकवर राहतो आणि रंग धरत नाही, म्हणून भाग आधी साबणाच्या पाण्याने धुवायचे. तिने जुना रंग खरवडला. उरलेले भाग नेलकटरने कापले, टोकं बारीक पॉलिश पेपरने घासली. गोंद लावण्याआधी भाग नुसते जुळवून बघायचे, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. शिवणीआधी कच्चा टाका घालतातच. जोड सुटू नये म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. अवघड होतं ते थांबणं. रंगाचा पातळ हात द्यायचा, सुकू द्यायचा, मग दुसरा. ती दर अर्ध्या तासाने बोट लावून बघायची आणि ठसा उमटवून ठेवायची. अखेर ती जहाज डब्यात झाकून खाडीपर्यंत चालत जायची, परत यायची, पुन्हा जायची.

खोक्यावरचं चित्र वाळवीने खाल्लं होतं. पुढच्या फोनवर तिने विचारलं, "जहाजाचा लाल रंग कुठवर असतो हो?"

"का गो?"

तिने सांगितलं. अली हसला नाही, पण बोलायला लागला. "पाण्याच्या रेषेपर्यंत. शिंपले चिकटू नयेत म्हणून लावतात तो. भरलेल्या जहाजाचा लाल पाण्याखाली जातो. आमचं रिकामं आहे, सगळा वर आलाय." मग म्हणाला, "मी दिवसभर तेच बघत असतो, झरीन. झोप लागत नाही मला."

"मलाही नाही लागत," ती म्हणाली.

त्यानंतर फोन लांबू लागले. दमट हवेत लावलेलं वॉर्निश दुधाळ पडलं, तेव्हा कोरडी दुपार बघून हलकं घासून पुन्हा दे, असं त्यानेच सांगितलं. कुठल्या खलाशाशी भांडण झालं, कोण आजारी पडला, तेही सांगू लागला.

एकशे अकराव्या दिवशी माणसांना उतरवलं. अली घरी आला, त्याने जहाज हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं, चिमणी जरा कलली आहे म्हणाला आणि ते टीव्हीवरच्या फळीवर ठेवलं. पण त्यालाही छपराखाली बसवेना. जेवणाच्या ताटावरून उठायचा, दारात जाऊन उभा राहायचा. एका घरात आता दोघं येरझाऱ्या घालत होती.

दीड महिन्याने एजंटचा फोन आला, नव्या जहाजासाठी. ईद झाल्यावर कळवतो, असं अली म्हणाला. झरीनने ते स्वयंपाकघरातून ऐकलं. ईदला पंचवीस दिवस होते. जायचं की नाही हे ठरवायला तेवढे त्याच्या हातात होते; ती हात पुसून बाहेर आली आणि दारात त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.