टर्बोच्या रॉडचे दोन आटे

लडाखमधल्या माझ्या दुसऱ्या पोस्टिंगला मी हवालदार होतो. ट्रेड, व्हेईकल मेकॅनिक. एका ट्रान्सपोर्ट कंपनीला आमची एल.ए.डी. जोडलेली होती, म्हणजे गाड्या चालत्या ठेवणारी बारा जणांची तुकडी. क्रम ठरलेला. ०४०० ला उठायचं, ०४३० पासून इंजिनं गरम करायची, ०५०० ला कॉन्व्हॉय निघणार. गाड्या परतल्या की एकेक तपासायची आणि रजिस्टरमध्ये सही करायची. माझी सही असेल तर गाडी फिट, नसेल तर ती जागची हलत नसे.

चौदा नंबर गाडीचा ड्रायव्हर नायक हरेश भोईर. भिवपुरीजवळच्या गावचा. मी कर्जतचा. कंपनीत आल्यावर दुसऱ्याच दिवशी तो चहाचा मग घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"उस्ताद, तुमी कर्जतचे ना? बोलन्यावरनं वलखलं."

त्यानंतर आम्ही दोघं असलो की तो माझ्याशी गावच्या बोलीतच बोलायचा.

हरेशची एकच तक्रार होती. चढाला चौदा नंबर मागे पडायची. गाडी जुनी, इंजिन खूप चाललेलं. खिंडीच्या शेवटच्या चढावर बाकीच्या गाड्या पुढे निघून जायच्या आणि हा दुसऱ्या गिअरमध्ये रांगत राहायचा. एका संध्याकाळी तो शेडमध्ये आला.

"उस्ताद, वेस्टगेटचा रॉड दोन आटे आवळून द्या. दोनच."

सिव्हिलियन वाचकांसाठी सांगतो. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. जास्त हवा, जास्त डिझेल, जास्त ताकद. दाब ठरलेल्या आकड्याला पोचला की वेस्टगेट नावाची झडप उघडते आणि उरलेला धूर पंख्याला बगल देऊन निघून जातो. त्या झडपेचा रॉड आवळला की ती उशिरा उघडते आणि दाब वाढतो. करायला दहा मिनिटं लागतात, एक पाना पुरतो.

पण गाडी बनवणाऱ्या कंपनीने आकडा उगाच ठरवलेला नसतो. त्या इंजिनाचे हेड बोल्ट, गॅस्केट, पिस्टन, सगळे तेवढ्याच दाबासाठी बनवलेले असतात. शिवाय वर हवा पातळ. कर्जतला जो दाब पंखा आरामात तयार करतो, तोच करायला त्याला तिथे कितीतरी जास्त फिरावं लागतं. राखीव म्हणून जे असतं ते उंचीने आधीच खाल्लेलं असतं. आदल्या सीझनला दुसऱ्या एका युनिटची गाडी मी ओढून आणली होती. रॉड आवळलेला होता. टर्बोचं बेअरिंग गेलं, ऑइल इंजिनात शिरलं आणि इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळत सुटलं. डिझेल तोडलं तरी ते बंद होईना. दोघांनी उड्या टाकल्या म्हणून वाचले.

"नाही," मी म्हणालो.

"कुनाला कललं? रॉडवरची पेंटची खूण परत मारू."

"मला कळेल."

तो निघून गेला. दोन दिवस बोलला नाही. त्या दोन दिवसांत मी त्याची गाडी पूर्ण बघितली. एअर फिल्टर बदलला. साबणाचं पाणी लावून हवेचा एकेक रबरी होस तपासला. दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होसची क्लिप ढिली होती, तिथून हवा जात होती. ती बदलली. गेज लावून दाब बघितला, तो ठरलेल्या आकड्यापर्यंत गेला. त्याहून पुढे मी नेला नाही. हरेशने एक चक्कर मारली आणि येऊन शेजारी बसला.

"सुधारली," तो म्हणाला. "पन अजून मागंच राहील."

"राहील," मी म्हणालो.

चार दिवसांनी कॉन्व्हॉय निघाला. रिकव्हरी धरून पंधरा गाड्या, रेशन आणि केरोसिन. चौदा नंबर मुद्दाम शेवटी, तिच्यामागे आमची रिकव्हरी गाडी. खिंडीच्या अलीकडे दोनशे मीटरचा एक टप्पा आहे, तिथे वरून दगड येतात; कड्यावर नजर ठेवायला एक वॉचमन असतो. ऊन चढलं की कड्यातला बर्फ सुटतो. म्हणून हुकूम होता, ०९०० च्या आत सगळ्यांनी पार व्हायचं. तेरा गाड्या ०८५० पर्यंत पार झाल्या. आम्ही टप्प्यापाशी पोचलो तेव्हा ०९१५ झाले होते.

रेडिओवर कॉन्व्हॉय कमांडर सुभेदार साहेब होते.

"फोर्टीन, हालत बताओ. ओव्हर."

हरेशने उत्तर दिलं, "वॉचमन बोल रहा है आधे घंटे से कुछ नहीं गिरा. ओव्हर."

सुभेदार साहेब म्हणाले, "देख के आ जाओ. एक एक करके. आउट."

हरेशने काच खाली घेतली. त्याच्या को-ड्रायव्हरला त्याने खाली उतरवलं आणि आमच्या गाडीकडे पाठवलं. मी उतरून त्याच्या दाराशी गेलो.

"याला कशाला उतरवलंस?"

"एका मान्साचं काम हाय. दोघं कशाला?"

त्याने गाडी दुसऱ्यात टाकली. मी घड्याळ बघत होतो, सवयीने. निम्म्याच्या पुढे गेला तेव्हा वॉचमनची शिटी वाजली. वरून आधी बारीक खडी आली, मग दगड. एक केबिनवर आला.

आम्ही पोचलो तेव्हा गाडी डोंगराच्या बाजूला टेकून उभी होती. त्याने स्टिअरिंग दरीकडे वळू दिलं नव्हतं. इंजिन चालू होतं. मी स्टॉप केबल ओढून ते बंद केलं. वेळ ०९२१. हरेश गेला होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला विचारलं, गाडी फिट होती का. मी होय म्हणालो. विचारलं, उशीर का झाला. मी म्हणालो, चढाला ताकद कमी पडली. ड्रायव्हरने ताकद वाढवायला सांगितलं होतं का? हो. तुम्ही काय केलं? नकार दिला. अध्यक्ष मेजर साहेबांनी कागदावर लिहिलं आणि म्हणाले, "यू वेअर करेक्ट, हवालदार." मी सॅल्यूट करून बाहेर आलो.

पुढच्या रजेत हरेशच्या घरी गेलो. वडील ओटीवर बसले होते. बायको आत होती, ती बाहेर आली नाही. मी काही लपवलं नाही. रॉड, आटे, बाकीच्या गाड्यांच्या मागे पडलेली पंचवीस मिनिटं, सगळं सांगितलं.

म्हाताऱ्याने विचारलं, "आवललं असतंस तर वाचला असता का रं?"

"त्या दिवशी कदाचित वाचला असता, बाबा. पुढं इंजिन कधी फुटलं असतं, ते सांगता येत नाही. खरं काय झालं असतं, मला माहीत नाही."

"तुज्यावर रागावलेला?"

"दोन दिवस."

"मंग बोलला?"

"बोलला. शेजारी येऊन बसला."

"मंग झालं," ते म्हणाले आणि आत पाण्याला सांगितलं.

आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. खालापूरला रस्त्याच्या कडेला माझं गॅरेज आहे. घाट चढणारे ट्रकवाले येतात. मध्यंतरी साजगावचा एक मालक आला.

"मामा, घाटात गाडी मरते. टर्बो वाढवून द्या. नायतर तो लॅपटॉपवाला हाय, तो दहा मिनटात करून देतो."

मी त्याचा फिल्टर काढून दाखवला, काळा झाला होता. एक होस चिरलेला होता. ते बदललं. दाब कंपनीच्या आकड्याला आणून दिला. त्याहून पुढे गॅस्केट आणि पिस्टन काय सोसतात, ते फुटलेला एक पिस्टन हातात देऊन समजावलं. तो ऐकून गेला. लॅपटॉपवाल्याकडे गेला की नाही, माहीत नाही.

गिऱ्हाइकांना मी हरेशची गोष्ट सांगत नाही. ती माझ्या बाजूने साक्ष देत नाही. मी आजही तो रॉड आवळणार नाही, आणि आजही ती पंचवीस मिनिटं माझ्याकडेच आहेत. दोन्ही खरं आहे.

वर्षातून एकदा, त्या तारखेला, मी भिवपुरीकडे जातो. हरेशचे वडील आता फार थकले आहेत, कानाने कमी ऐकू येतं. खिंडीबद्दल ते कधीच विचारत नाहीत. त्यांचा प्रश्न एकच असतो.

"गाडी कशी चालवायचा रं तो?"

मी मोठ्याने सांगतो. चढ यायच्या आधीच गिअर उतरवायचा, मध्यात कधी क्लच दाबायचा नाही. समोरून भरलेली गाडी आली की स्वतः मागे घ्यायचा आणि स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलून त्याला वाट द्यायचा. नऊ वर्षांत त्याच्या हातून कुठल्याही गाडीला ओरखडा आला नाही.

म्हातारा मान हलवतो. मग म्हणतो, "परत सांग."